आकडा जुना, म्हणून सॉफ्टवेअर शिळं?

प्रश्न : आमच्या वाचनालयात कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर डेबियन १२ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. भाचा म्हणतो, ‘मावशी, यातलं सगळं जुनं झालंय. डेबियन सिड टाकू, रोज नवं मिळेल.’ टाकावं का?
– एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, सिड म्हणजे डेबियनची सतत बदलणारी, अजून कसाला लागत असलेली आवृत्ती. देवघेवीच्या काउंटरवर ती अजिबात नको. भाच्याला आकडे जुने दिसतात ते खरंच आहे. डेबियन १२ आलं जून २०२३ मध्ये, आणि आतल्या आवृत्त्या त्याआधीच गोठवलेल्या. पण सुरक्षेची दुरुस्ती नव्या आवृत्तीतून उचलून जुनीवर बसवतात. पॅकेजच्या, म्हणजे आतल्या एकेका सॉफ्टवेअरच्या, आकड्यामागे ‘डेब१२यू२’ अशी शेपटी दिसली, की ठिगळ लागलंय समजा. हे किचकट काम वर्षानुवर्षं करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

मीही एकदा घाई केली होती. एका कॉलेजच्या ग्रंथालयाचा सर्व्हर बघायचो, तिथे ऐन परीक्षेच्या आठवड्यात अपग्रेड केलं. कोहा ज्या पर्ल भाषेत लिहिलंय तिचं एक मॉड्यूल बदललं आणि कोहा उघडेना. दोन दिवस मुलं रांगेत, आणि शिपाईमामा फुलस्केप वहीत दाखलांक उतरवून घेताहेत. ती वही अजून डोळ्यांसमोर आहे.

तरी भाच्याला सिडपासून तोडू नका. एक्सझेड या छोट्या, सगळीकडे लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. तो सिडमध्ये पोचला. तुमच्या डेबियन १२ मध्ये ५.४.१ होतं, म्हणून ते वाचलं. पण मार्च २०२४ मध्ये तो पकडला कुणी? सिड वापरणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी. एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या संगणकात दुरून शिरायच्या सोयीनं, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून ते मुळाशी गेले. सिडवर अशी माणसं नसती, तर तो चोर पुढच्या स्थिर आवृत्तीत आला असता. तेव्हा भाच्याला त्याच्या लॅपटॉपवर सिड खुशाल चालवू दे, आणि बिघडलं की बग नोंदवायला सांगा.

तुमच्याकडे सुरक्षेचे अपडेट मात्र दर आठवड्याला घ्या. डेबियन १२ ला दीर्घकालीन मदत धरून जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, घाई नाही. १३ वर जायचं तर दिवाळीच्या सुट्टीत जा. तुमचं कोहा त्यावर चालतं का ते आधी बघा, आणि पहिला प्रयोग जुन्या, पडून असलेल्या संगणकावर करा. बॅकअप तिथे उतरवा आणि दहा सभासदांची खाती स्वतः उघडून पाहा.