सेप्सिस म्हणजे 'सेप्टिक' नव्हे, आणि गळू का 'पिकतं'

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून प्रश्न आला आहे. चार वर्षांच्या पुतण्याला न्यूमोनिया झाला, पोरगं अतिदक्षता विभागात राहून सुखरूप घरी आलं. डिस्चार्ज कार्डावर 'सेप्सिस' लिहिलंय. आजी विचारते, "पोराला कुठं खरचटलं बी न्हाई, मग सेप्टिक कसं म्हन्त्यात?" तर सेप्सिस आणि सेप्टिक एकच का, आणि सेप्सिसला मराठीत काय म्हणायचं?

आजींची शंका रास्त आहे. घोळ आपण घातलाय. पायात खिळा घुसला की "सेप्टिकचं इंजेक्शन मारून घे" हे मी रोज ऐकतो. अहो, ते धनुर्वाताचं इंजेक्शन! त्या आजारात अंग धनुष्यासारखं वाकतं, म्हणून धनुर्वात. इतका नेमका शब्द घरात असताना तो टाकून 'सेप्टिक' कशाला? जखमेत पू झाला तरी सेप्टिक, संडासाची टाकीही सेप्टिक. मग सेप्सिस म्हटलं की डोळ्यांपुढे जखम आणि घाणच येणार.

आधी एक खूळ निकालात काढतो. एका व्याख्यात्यांनी भर सभेत सांगितलं की सेप्सिस 'सप्त'वरून आला, सात दिवसांचा ताप म्हणून. साफ चूक. 'सप्त'चा भाऊबंद म्हणजे लॅटिन 'सेप्टेम', त्यावरून सप्टेंबर. जागतिक सेप्सिस दिन १३ सप्टेंबरला असतो हा योगायोग, नातं नव्हे. सेप्सिस ग्रीक आहे. धातूचा अर्थ कुजणे, सडणे. इलियड या ग्रीक महाकाव्याच्या चोविसाव्या सर्गात हेक्टर या योद्ध्याचं प्रेत इतके दिवस पडूनही सडलेलं नाही असं सांगताना हेच क्रियापद आलंय.

आता खरी मौज. ग्रीकांकडे सेप्सिसला एक जोडीदार होता, 'पेप्सिस'. म्हणजे शिजणं, पिकणं, पचणं. ॲरिस्टॉटल दोन्ही शब्द समोरासमोर ठेवतो: वस्तू स्वतःच्या अंगच्या उष्णतेने तयार होते ती पेप्सिस, बाहेरच्या उष्णतेने तिची अंगची उष्णता मरते ती सेप्सिस. ग्रीक वैद्यही आजारातले दोष शरीरात 'शिजून' बाहेर पडण्याला पेप्सिसच म्हणत. आणि हा पेप्सिस कोण? संस्कृत 'पच्'चा सख्खा भाऊ! पचणे, पाक, पक्व सगळे त्याच घरातले, आणि पक्वचं प्राकृतात 'पिक्क' होऊन आलेलं आपलं 'पिकणे' सुद्धा.

म्हणून गळू 'पिकतं'. आंबा पिकतो, केस पिकतात, तसंच गळूही. सुश्रुताने सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत: आम, पच्यमान, पक्व. कच्ची, पिकू लागलेली, पिकलेली. कच्च्या सुजेवर शस्त्र चालवू नये आणि पिकलेली तशीच ठेवू नये, हे वैद्याला कळलं पाहिजे. "अजून पिकलं न्हाई, पोटीस बांध," असं गावाकडची म्हातारी म्हणते तेव्हा ती सुश्रुताचाच पाठ म्हणत असते. पिकणं म्हणजे शरीराने जंतूंना एका जागी कोंडून धरणं. ते एका जागी निभतं तेव्हा पेप्सिस, आणि हाताबाहेर जातं तेव्हा सेप्सिस, असं मी मांडतो. दूध विरजलं तर दही, नाहीतर नासलं, हा फरक प्रत्येक मराठी स्वयंपाकघराला ठाऊक आहे.

यावरून परिभाषाकारांशी माझं भांडण आहे. त्यांनी सेप्सिसला 'पूतिता' दिला. पूति म्हणजे कुजका, दुर्गंधी. 'पूय', आपला 'पू' आणि लॅटिन 'पस' हे सगळे एकाच मुळाचे. म्हणजे शब्दाच्या जन्माचं भाषांतर झालं, आजाराचं राहूनच गेलं. तुमच्या पुतण्याच्या अंगावर पू कुठे होता? जंतू फुप्फुसात होते. 'रक्तात जंतू' हाही उपाय नव्हे, कारण सेप्सिस झालेल्या कितीतरी मुलांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. व्युत्पत्ती माझा जीव की प्राण आहे, पण आजचा अर्थ ठरवण्याचा अधिकार मी तिला देणार नाही.

आजचा अर्थ वैद्यकाने बदललाय. २०१६ साली मोठ्यांसाठी नवी व्याख्या आली: संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडतो आणि त्यातून जिवावर बेतेल इतकी अवयवांची हानी होते, तो सेप्सिस. मुलांसाठी मात्र २००५ सालचे निकष चालू होते. त्यांत ताप, वाढलेले ठोके, जलद श्वास आणि पांढऱ्या पेशी यांवर भर होता, आणि तापलेल्या कुठल्याही पोराचे ठोके वाढतातच. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात मुलांसाठीचे 'फिनिक्स निकष' जाहीर झाले. त्यांच्यामागे तीस लाखांवर बालरुग्णांच्या नोंदी होत्या, अमेरिकेबरोबर बांगलादेश, केनिया, कोलंबिया आणि चीनमधल्याही. संसर्गाचा संशय असलेल्या मुलाचा श्वास, रक्ताभिसरण, रक्त गोठणं आणि शुद्ध यांना गुण द्यायचे. दोन किंवा जास्त झाले तर सेप्सिस. असे गुण गाठलेल्या मुलांपैकी सधन ठिकाणी ७.१ टक्के दगावली, साधनं तोकडी असलेल्या ठिकाणी २८.५ टक्के. हे दोन आकडे वाचल्यापासून शब्दाचा हा प्रश्न मला कोशापुरता वाटत नाही.

मग या अर्थाला मराठी कोणतं? माझा शब्द 'बिथरणे'. म्हैस बिथरली की गोठ्यात शिरलेलं कुत्रं राहतं बाजूला, तिच्याच लाथांनी घमेली, दावण, रेडकू सगळं तुडवलं जातं. सेप्सिसमध्ये शरीराचं नेमकं हेच होतं. 'अनियंत्रित प्रतिसाद' हे वर्तमानपत्री मराठी कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं करत नाही. "अंग बिथरलं" म्हटलं की करवीर तालुक्यातल्या कुठल्याही घरात कळेल. एका वैद्यकीय लेखकांनी 'जंतुदोष' सुचवलाय. तो मला पटत नाही, कारण त्यात सगळा दोष जंतूवर जातो आणि शरीराने स्वतःचंच काय केलं ते झाकलं जातं.

जाता जाता 'सेप्टिक शॉक'बद्दल. त्याला 'धक्का' लिहू नका. तिथे रक्ताभिसरण ढासळलेलं असतं. 'धक्का' वाचून नातेवाईक 'पोरगं कशाला घाबरलं' विचारतात. कोल्हापुरात असा घोटाळा सहज होतो. "सीपीआरला नेलं" म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात नेलं, आणि डॉक्टर "सीपीआर दिला" म्हणतात तेव्हा छाती दाबून हृदय चालू ठेवायचा प्रयत्न केला. एकच उच्चार, आणि ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हायला पुरेसा.

तुमचं उत्तर राहिलंच. कागदावर 'सेप्सिस' तसाच ठेवा, 'सेप्टिक' करू नका. आजींना सांगा, छातीतल्या जंतूंशी लढताना पोराचं अंगच बिथरलं होतं, त्याला जखम लागत नाही.

तान्ह्या बाळांत हे ओळखायचे शब्द तर बायकांकडे केव्हापासून आहेत: दूध ओढत नाही, रडणं बारीक झालं, मलूल पडलंय, अंग गार लागतंय, पोट उडतंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना अशा खुणा शिकवल्या, औषध-इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. या खुणांना आजरा, चंदगड, गगनबावडा भागात निराळे शब्द असतील तर मला हवे आहेत. गाव आणि कुणाच्या तोंडून ऐकला एवढं लिहून पाठवा.