इलिनॉय नदीतले उड्या मारणारे कार्प : गळाला का लागत नाहीत आणि धरावेत कसे

आपला प्रश्न असा आहे : उजनीच्या पाण्यावर वडिलांबरोबर कणकेच्या गोळ्यावर कटला आणि रोहू धरलेल्या आपल्याला अमेरिकेतील पिओरियाला आल्यावर इलिनॉय नदीत डोळ्यांदेखत मासे उड्या मारताना दिसतात, पण मका, कणीक, गांडूळ यांपैकी कशालाही ते तोंड लावत नाहीत. ते धरावेत कसे, घरी नेण्यास परवानगी आहे का आणि ते खाण्याजोगे आहेत का, हे आपल्याला हवे आहे. मी या नदीवर बरीच वर्षे मासेमारी करत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम मासा ओळखावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. येथे आक्रमक म्हणून गणले जाणारे कार्प चार : चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प, मोठ्या डोक्याचा बिगहेड, गवत्या म्हणजे ग्रास कार्प आणि काळा कार्प. आपल्याकडे ज्याला सायप्रिनस म्हणतात तो कॉमन कार्प यांच्यात धरत नाहीत. तो एकोणिसाव्या शतकातच युरोपातून येथे आणला गेला आणि मक्याच्या दाण्यावर निमूटपणे गळाला लागतो. आपल्या बोटीभोवती उड्या मारतो तो चंदेरा. बिगहेड सहसा उडी मारत नाही. दोघांचेही डोळे इतके खाली असतात की मासा उलटा धरला आहे की काय असे वाटावे, आणि खवले अगदी बारीक. मासा हातात घेऊन पोटाखालून बोट फिरवले की फरक लगेच कळतो : चंदेऱ्याच्या पोटाची धारदार कडा गळ्यापासून थेट गुदद्वारापर्यंत जाते, तर बिगहेडची कडा पोटाच्या परांपाशी सुरू होते. बिगहेडच्या अंगावर काळपट ठिपक्यांचे चट्टे असतात, चंदेरा एकसारखा चकचकीत असतो.

आता तो गळाला का लागत नाही, ते पाहू. चंदेऱ्याच्या कल्ल्यांतले काटे एकमेकांत जुळून त्यांचा स्पंजासारखा गाळणा झालेला असतो. तोंडातून आत घेतलेले पाणी त्यातून जाते आणि वनस्पती प्लवंगांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे, अतिसूक्ष्म कण मागे राहतात. खाद्य शोधून त्यावर झडप घालणे ही त्याची रीतच नाही, त्यामुळे तळाशी ठेवलेला कणकेचा गोळा त्याच्या दृष्टीने अन्न नसतो. बिगहेडचा गाळणा त्यामानाने जाड, म्हणून तो प्राणी प्लवंगांवर अधिक जगतो. आपल्या वडिलांना कटल्याची सवय होती, हे येथे उपयोगी पडेल : कटलाही वरच्या थरात फिरून प्लवंग खाणारा मासा आहे, आणि त्याच्यासाठी जी युक्ती चालते तिचाच पुढचा अवतार बिगहेडवर चालतो. रोहू-मृगळाचा अनुभव मात्र येथे बाजूला ठेवावा.

हे मासे येथे आले कसे, हे थोडक्यात सांगतो. गवत्या १९६३ मध्ये पाणवनस्पती खाण्यासाठी आणला गेला, तर चंदेरा आणि बिगहेड १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस आर्कान्सामध्ये मत्स्यतळी आणि सांडपाण्याची तळी स्वच्छ ठेवण्यासाठी आले. तेथून ते निसटून मिसिसिपीत उतरले आणि तिच्या उपनद्यांमधून वर चढले. त्यांची अंडी प्रवाहाबरोबर वाहत वाहत उबतात, म्हणून लांब आणि मोकळी वाहणारी नदी त्यांना मानवते. इलिनॉय नदी अगदी तशीच आहे. त्यांच्या गर्दीमुळे गिझार्ड शॅड आणि बिगमाउथ बफेलो हे इथले प्लवंगभक्षी मासे रोडावल्याचे इलिनॉय नदीवरील अभ्यासात दिसले आहे. हा प्रकार आपल्या देशालाही अपरिचित नाही : हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात १९७१ मध्ये चंदेरा चुकून शिरला आणि पुढे तेथील कटल्याचे उत्पादन घसरले.

धरण्याच्या पद्धतींपैकी सर्वांत खात्रीची पद्धत दांड्याच्या हातजाळ्याची आहे, आणि गळवाल्यांना ती कमीपणाची वाटते हे मला मान्य नाही. बोटीच्या इंजिनाच्या आवाजाने चंदेरा बिथरतो आणि पाण्याबाहेर ३ मीटरपर्यंत उसळतो. उन्हाळ्यात, पाणी ऊबदार असताना, उथळ आणि संथ पाण्यात हे अधिक घडते. बोट मध्यम वेगाने चालवावी, जाळे घेतलेल्या माणसाने पुढच्या बाजूला गुडघ्यांवर बसावे, आणि मासा वर आला की त्याच्या मागे जाळे न फिरवता तो जेथे खाली येणार तेथे ते आधीच धरावे. इलिनॉयमधल्याच हवाना गावाजवळच्या बाथ या खेड्यात २००५ पासून याच पद्धतीची स्पर्धा भरू लागली, तीत गळ नसतोच. मात्र हा खेळ गमतीचा दिसत असला तरी पाच-सहा किलोचा मासा वेगात असलेल्या बोटीतल्या माणसाच्या तोंडावर आदळला की नाकाचे हाड किंवा जबडा मोडतो, असे प्रसंग घडलेले आहेत. हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा आणि लाइफ जॅकेट घालावे, इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला बांधलेली असावी, आणि लहान मुलांना या फेरीत मुळीच नेऊ नये. बोट परत आणली की ती लगेच धुवावी. चंदेऱ्याचा बुळबुळीत चिकटा आणि रक्त उन्हात वाळले की निघता निघत नाही.

दुसरी पद्धत धनुष्याची. बाणाला दोरी बांधलेली असते आणि ती धनुष्यावर बसवलेल्या रिळात गुंडाळलेली असते. पाण्यातला मासा प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे असतो त्यापेक्षा वर दिसतो, म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या खाली धरावा लागतो. नवशिक्यांचे बहुतेक बाण वरून जातात. ध्रुवीकृत काचांचा चष्मा नसेल तर हे काम करूच नये. हवेत उडालेला चंदेरा बाणाने टिपण्याच्या चित्रफिती आपण पाहिल्या असतील, पण आजूबाजूला दुसऱ्या बोटी असताना तो प्रकार मला बेजबाबदारपणाचा वाटतो. पृष्ठभागाजवळ तोंड उघडून सावकाश फिरणारा बिगहेड हे धनुष्याचे खरे लक्ष्य होय. मारलेले मासे काठावर किंवा पाण्यात टाकून देऊ नयेत. त्यांची दुर्गंधी पसरली की त्या जागेवर सगळ्यांनाच मज्जाव होण्याची वेळ येते.

आता आपल्या आवडीची, म्हणजे रॉडची पद्धत. येथे आमिष माशाला दिसण्यापेक्षा विरघळणे महत्त्वाचे असते. पूर्व युरोपात चंदेऱ्यासाठी दूध पावडर, ओट किंवा मक्याचे पीठ आणि पेंड एकत्र करून घट्ट दाबलेली वडी वापरतात. ही वडी मोठ्या फ्लोटखाली साधारण अर्धा ते दीड मीटर खोलीवर टांगायची, आणि तिच्याभोवती बारीक गळ आखूड दोऱ्यांवर, प्रत्येकाला फोमचा छोटा तुकडा लावून, वडीच्या शेजारी तरंगतील असे सोडायचे. वडी पाण्यात विरघळत जाते, भोवती पांढुरका ढग तयार होतो, मासा तो ढग गाळत येतो आणि पाण्याबरोबर गळही आत ओढतो. वडी फार सैल झाली तर ती फेकतानाच फुटते आणि फार घट्ट झाली तर ढगच पडत नाही, त्यामुळे आधी घरी बादलीत टाकून पाहावी : अर्ध्या तासाच्या आसपास विरघळली म्हणजे जमली. भारतीय दुकानातली शेंगदाण्याची पेंड, तांदळाची पिठी आणि दूध पावडर यांवर हे काम उत्तम भागते. मुख्य प्रवाहात हा उद्योग व्यर्थ आहे. नदीला जोडलेल्या संथ डोहात किंवा बंधाऱ्याखालच्या स्थिर पाण्यात, पाणी २० अंशांच्या वर गेल्यावर आणि वारा पडलेला असताना बसावे. वडी तळाशी सोडू नये, कारण मासा तेथे नसतो. तो पाण्याच्या वरच्या थरात असतो. एका दोरीवर किती गळ चालतात याचे नियम राज्यागणिक, काही वेळा पाणवठ्यागणिक बदलतात, आणि अनेक ठिकाणी ही संख्या दोनच असते, म्हणून वडीभोवती गळांचे झुंबर बांधण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचावी.

बिगहेड कधी कधी अपघातानेही लागतो. मार्च २०२४ मध्ये मिसुरी राज्यात कॅटफिशसाठी मिसिसिपीच्या काठावरून रॉड टाकलेल्या एका गळवाल्याला ९७ पौंडांचा बिगहेड मिळाला. त्यामुळे रॉड आणि दोरी कमकुवत ठेवू नये, आणि रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला रोखणारा ताण, आधीच सैल करून ठेवावा. पहिल्या धावेत हा मासा सगळी दोरी ओढून नेतो.

गवत्याचे काम याहून सोपे आहे. पाण्यावर झुकलेल्या तुतीच्या झाडाखाली पिकलेली तुती, पावाचा तुकडा, लहान टोमॅटो किंवा मका यांवर तो येतो, पण सावलीलाही बिचकतो, म्हणून काठावर हालचाल करू नये. काही तळ्यांत प्रजनन न करू शकणारे गवते सरकारी परवानगीने मुद्दाम सोडलेले असतात आणि ते मारण्यास मनाई असते. नदीतला आणि तळ्यातला गवत्या एकच नियम लावून धरू नये. काळा कार्प गोगलगायी आणि शिंपले खातो, गवत्यासारखाच दिसतो, आणि तो मिळाल्यास परत न सोडता बर्फात ठेवून राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याला कळवावे.

कायद्याबद्दल. मासेमारीचा परवाना धनुष्यासाठी आणि हातजाळ्यासाठीही लागतो. चंदेरा आणि बिगहेड कितीही धरता येतात, पण जिवंत मासा घरी किंवा दुसऱ्या पाण्याकडे नेणे गुन्हा आहे. राज्याची सीमा ओलांडून जिवंत चंदेरा नेण्यास केंद्रीय कायद्याने २००७ पासून बंदी आहे आणि बिगहेडलाही तोच कायदा लागू आहे. म्हणून मासा बोटीतच मारावा. गळवाल्यांचा खरा धोका मात्र आमिषाच्या बादलीत असतो. पाग टाकून धरलेल्या शॅडच्या पिलांत चंदेऱ्याची पिले सहज मिसळतात आणि घाईत ओळखूही येत नाहीत. ती बादली दुसऱ्या तळ्यावर रिकामी केली की ते तळे हातचे गेले. एका पाण्यातले जिवंत आमिष दुसऱ्या पाण्यावर नेऊच नये. शिकागोच्या कालव्यात रोमिओव्हिलजवळ विजेचे अडथळे या माशांना मिशिगन सरोवरापासून थोपवण्यासाठी बसवलेले आहेत, तरीही २०१७ मध्ये त्या अडथळ्यांच्या पलीकडे, सरोवरापासून सुमारे ९ मैलांवर, एक चंदेरा सापडला. त्या बाजूला मासेमारीला गेलात आणि असा मासा मिळाला तर तो ठेवून घ्यावा, जागा टिपून घ्यावी आणि लगेच खात्याला कळवावे.

आपल्या आणि माझ्या जाळ्यांनी ही नदी रिकामी होणार नाही. ते काम राज्याने नेमलेले व्यावसायिक मच्छीमार मोठ्या जाळ्यांनी करतात आणि तेही संख्या आटोक्यात ठेवण्यापुरतेच. तरीही पोटभर मासे नेण्यास येथे कोणाचीच हरकत नाही.

आणि मासा चवीला चांगला आहे. इलिनॉय राज्याने २०२२ मध्ये त्याला कोपी हे नवे नाव देऊन तो लोकांच्या ताटात आणण्याची खटपट सुरू केली, त्यात तथ्य आहे. अडचण एकच : मांसात दुबेळक्याचे काटे खच्चून भरलेले असतात. रोहूच्या तुकडीतून काटे काढत जेवलेल्या माणसाला त्याचे भय वाटू नये. मासा धरल्याबरोबर कल्ले कापून रक्त वाहू द्यावे आणि बर्फात ठेवावे, नाहीतर मांस लवकर मऊ पडते. कातडी काढल्यावर बाजूची लालसर पट्टी कापून टाकावी. उग्र वास असतो तो तिच्यात. तळायचा असेल तर मांसावर दोन-तीन मिलिमीटर अंतराने आडव्या चिरा द्याव्यात, म्हणजे बारीक काटे कडक तेलात कुरकुरीत होतात. कटलेट करायचे तर तुकडे वाफवून मांस सोडवून घ्यावे, त्यात आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि उकडलेला बटाटा घालावा. मोठ्या बिगहेडचे डोके रश्श्यासाठी जरूर ठेवावे. आठवड्याला किती खावा यासाठी राज्याच्या आरोग्य खात्याचा नदीनिहाय सल्ला पाहावा, विशेषतः घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर.