पाऊस हुकला की बंदुका निघतात का?

प्रश्न : गरिबीमुळे यादवी पेटते की यादवीमुळे गरिबी येते, हे अर्थतज्ज्ञ कसे वेगळे काढतात? मला आफ्रिकेवर प्रबंधिका लिहायची आहे. आकडे कुठून घ्यावेत?
– एम. ए.ची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : उत्पन्न आणि हिंसा यांचे आकडे नुसते शेजारी मांडून काही कळत नाही; दोन्ही एकमेकांना ओढत असतात. त्यासाठी उत्पन्न हलवणारी, पण लढाईमुळे स्वतः न हलणारी गोष्ट लागते. एडवर्ड मिगेल, शंकर सत्यनाथ आणि अर्नेस्ट सर्जेंटी यांनी २००४ साली पाऊस निवडला. सहाराच्या दक्षिणेचे ४१ देश, १९८१ ते १९९९ ही वर्षे. तिथली बहुतेक शेती कोरडवाहू, त्यामुळे पाऊस गेला की वर्ष गेले. विकासदर ५ टक्के-अंकांनी घसरला तर पुढच्या वर्षी संघर्षाची शक्यता सुमारे दीडपट होते, असे त्यांना दिसले.

मात्र ही युक्ती डोळे मिटून वापरू नका. पाऊस फक्त पिकातूनच हिंसेपर्यंत पोहोचतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. पण चिखलाने रस्ते बंद पडले तर फौजाही अडतात. हेदर सार्सन्स यांनी २०१५ मध्ये भारतातले जिल्हे तपासले. धरणाखालच्या सिंचित भागात उत्पन्नाचे पावसावरचे अवलंबित्व बरेच कमी होते. तरी पाऊस आणि दंगली यांचा संबंध तितकाच घट्ट राहिला. म्हणजे पाऊस दुसऱ्या वाटेनेही काम करत होता. अशी पडताळणी तुमच्या प्रबंधिकेत हवीच.

पावसासाठी ‘चर्प्स’ (CHIRPS) या पर्जन्य-नोंदींच्या संग्रहातले १९८१पासूनचे आकडे घ्या, ते उपग्रह आणि पर्जन्यमापक दोन्हींवरून बनतात. वर्षाची बेरीज न घेता पेरणी ते काढणीचा पाऊस मोजा. इथिओपियात फेब्रुवारी ते मे हा ‘बेल्ग’ हंगाम पूर्ण बुडाला, तरी जून ते सप्टेंबरच्या पावसाने वार्षिक आकडा ठीकठाक दिसू शकतो.

हिंसेच्या घटना उप्साला विद्यापीठाच्या संग्रहात १९८९पासून मिळतात. तिथे स्थळाच्या अचूकतेचा १ ते ७ असा रकाना असतो. जिल्हावार काम करताना ३च्या वरच्या नोंदी गाळा. त्यांत जिल्हा नक्की ठाऊक नसतो आणि घटना नकाशावर भलत्याच ठिकाणी बसते. विद्यार्थी नेमका हाच रकाना सोडतात आणि शांत जिल्हा रक्तबंबाळ दिसू लागतो.

प्रश्न : खनिजाचा भाव वाढला तर लोकांचे भले व्हायला हवे. मग मारामारी का वाढते?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : पैसा कुणाच्या हातात पडतो, ते पाहा. ओइंद्रिला दुबे आणि हुआन वर्गास यांनी कोलंबियात हे दाखवले. नव्वदीच्या अखेरीस कॉफीचा भाव कोसळला, मजुरी घटली आणि कॉफीच्या भागांत हिंसा वाढली. तेलाचे उलटे. भाव चढला तशी तेलाच्या भागांत हिंसा वाढली, कारण तिथे रोजगार थोडा आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) थेट नगरपालिकेच्या तिजोरीत. सशस्त्र टोळ्यांना लुटायला तेच सोपे.