जोडलं तरी ऊर्जा, फोडलं तरी ऊर्जा?

प्रश्न : युरेनियमचं केंद्रक फुटलं की ऊर्जा मिळते, असं पुस्तकात आहे. पुढच्याच पानावर हायड्रोजनची केंद्रकं जुळली की ऊर्जा मिळते, असंही आहे. मग हेलियम आधी जोडायचा, नंतर फोडायचा आणि दोन्ही वेळा ऊर्जा घ्यायची, असं का नाही करता येत? (अकरावीतला एक वाचक)

उत्तर : तुझं यंत्र चालणार नाही, पण प्रश्न मला फार आवडला, कारण याच जागी मीही एकदा फळ्यासमोर अडकलो होतो. शिकवायला लागून दुसरंच वर्ष. मी ऐटीत सांगून टाकलं, "बंधनऊर्जा म्हणजे केंद्रकात साठवलेली ऊर्जा." मग दर न्यूक्लिऑनमागे, म्हणजे दर प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे, किती बंधनऊर्जा येते त्याचा आलेख काढला. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मग सगळ्यात जास्त तर लोखंडात साठलीय. लोखंडाचा बाँब का नाही करत?" घंटा झाली म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी आधी माझं वाक्य खोडायला लावलं, मग पुढचं शिकवलं.

घोटाळा 'साठवलेली' या शब्दात होता. बंधनऊर्जा ही शिल्लक नाही, तो होऊन गेलेला खर्च आहे. प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र येताना तेवढी ऊर्जा बाहेर जाते. त्यांना पुन्हा सुटं करायचं तर तेवढीच परत भरावी लागते. हा खर्च वजनातही दिसतो. सुटे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन मिळून ४.०३१९ अणुवस्तुमान एकक भरतात, पण त्यांचंच बनलेलं हेलियमचं केंद्रक भरतं ४.००१५. कण चारच्या चार जागेवर आहेत, तरी ०.०३०४ एकक कमी! एका एककाची ऊर्जा होते ९३१.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला पुढे नुसतं एमईव्ही म्हणतो), म्हणून हेलियमची बंधनऊर्जा २८.३ एमईव्ही. चार हायड्रोजन अणूंपेक्षा हेलियमचा अणू हलका भरतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅस्टनच्या मोजमापातून १९२० मध्ये दिसलं आणि त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने सूर्याच्या उष्णतेचा उगम याच तुटीत असावा असं सुचवलं.

आता तुझं यंत्र. हेलियम जुळताना जे मिळालं, ते त्याला फोडताना जसंच्या तसं परत द्यावं लागेल. हातात शून्य. फायदा हवा असेल तर शेवटी बनणारी केंद्रकं सुरुवातीच्या केंद्रकांपेक्षा जास्त घट्ट बांधलेली हवीत. मग ती जोडून बनोत की फोडून. दर न्यूक्लिऑनमागे ड्यूटेरियममध्ये (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन) जेमतेम १.१ एमईव्ही, हेलियममध्ये ७.१, लोखंडाच्या आसपास ८.८ आणि युरेनियमपाशी पुन्हा ७.६. म्हणजे मध्ये टेकडी आहे. हलक्यांनी जुळून डावीकडून चढायचं, जडांनी फुटून उजवीकडून. (अगदी माथ्यावर ५६ न्यूक्लिऑनचं लोखंड-५६ नसून निकेल-६२ आहे, केसभर वर. परीक्षेत हा वाद घालू नकोस.)

टेकडी का, हे पुस्तकं दोन ओळींत उरकतात, आणि खरी गंमत तर तिथेच आहे. केंद्रकातलं आकर्षण जबरदस्त, पण आखूड हाताचं. शेजारच्या कणापलीकडे ते पोचतच नाही. प्रोटॉन-प्रोटॉनमधलं विद्युत प्रतिकर्षण कमजोर, पण ते केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. लहान केंद्रकात बहुतेक कण पृष्ठभागावर असतात, त्यांना शेजारी कमी. नवे कण आले की शेजार वाढतो आणि बांधणी घट्ट होते. मोठ्या केंद्रकात शेजार भरून गेलेला असतो. नव्या प्रोटॉनला आधार देतात मूठभर शेजारी, आणि ढकलतात बाकीचे सगळे प्रोटॉन.

हिशोब करून पाहा. ड्यूटेरियमची एकूण बंधनऊर्जा २.२, ट्रिटियमची (एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन) ८.५. त्यांच्यापासून हेलियम आणि एक सुटा न्यूट्रॉन बनतो: २८.३ वजा १०.७, म्हणजे १७.६ एमईव्ही. युरेनियमच्या तुकड्यांत दर न्यूक्लिऑनमागे सुमारे ८.५, म्हणजे फरक ०.९ च्या आतबाहेर. गुणिले २३६ (युरेनियम-२३५ आणि त्याला फोडणारा एक न्यूट्रॉन), साधारण २००. १९३८ च्या डिसेंबरात स्वीडनमध्ये बर्फातून चालता चालता भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश यांनी कागदाच्या कपट्यांवर काढलेला आकडाही २०० च्याच घरातला. तेव्हा दर घटनेमागे विखंडन, म्हणजे फोडणं, भारी. पण १७.६ भागिले ५ केलंस तर दर न्यूक्लिऑनमागे ३.५ येतात, विखंडनाच्या चौपट. "कोणतं जास्त शक्तिशाली?" असं विचारणाऱ्याला आधी विचारावं, कशामागे?

प्रश्न : युरेनियम-२३५ संथ न्यूट्रॉननेही फुटतो, २३८ का नाही? (तोच वाचक)

उत्तर : इथेही बंधनऊर्जाच. आत शिरलेला न्यूट्रॉन बांधला जातो आणि ती सुटलेली ऊर्जा केंद्रकाला थरथरवते. २३५ मध्ये तो आल्यावर न्यूट्रॉनची संख्या सम होते, जोडी जमते, ६.५ एमईव्ही मिळतात. फुटण्याआधीचा उंबरठा सुमारे ६ चा, म्हणून तो ओलांडला जातो. २३८ मध्ये आलेला न्यूट्रॉन बिनजोडीचा राहतो, मिळतात फक्त ४.८. एक एमईव्हीच्या वरचा वेगवान न्यूट्रॉन आला तर उरलेली भर तो स्वतःच्या गतीतून घालतो, आणि मग २३८ही फुटतो.