जेएन.१ : देशात २१, त्यातले १९ गोव्यात. घाबरायचं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बुधवारी, २० डिसेंबर २०२३ ला, केंद्रानं जेएन.१ या कोविडच्या नव्या व्हेरियंटचे (बदललेल्या रूपाचे) २१ रुग्ण जाहीर केले, त्यातले १९ एकट्या गोव्यात. वडील चौऱ्याहत्तरचे, मधुमेही. भाऊ नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याहून डिचोलीला येतोय, त्याला येऊ द्यावं की नको? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक काका ‘साधी सर्दी’ म्हणतायत, दुसरे ‘२०२१ चा मे परत आला’ म्हणतायत, यात खरं कोणाचं?

मी डॉक्टर नाही. फोंड्याला एका खाजगी लॅबमध्ये होतो, कोविडची सगळी वर्षं आरटीपीसीआरच्या मशीनपुढे गेली. तेवढ्या शिदोरीवर सांगतो.

दोन्ही काकांना आज जेवढी खात्री आहे, तेवढी जिनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेत (डब्ल्यूएचओ) बसलेल्या तज्ज्ञांनाही नाही.

आधी त्या १९ चं बघू. आरटीपीसीआरमधून ‘कोविड आहे’ एवढंच कळतं, कुठला व्हेरियंट ते कळत नाही. त्यासाठी नमुना जिनोम सिक्वेन्सिंगला, म्हणजे विषाणूची जनुकं वाचायला जातो. तोही प्रत्येक जात नाही. आरटीपीसीआरमधला ‘सीटी’ हा आकडा बराच खाली, म्हणजे नमुन्यात विषाणू भरपूर असेल, तरच पाठवण्यात अर्थ असतो. अहवाल यायला वेळ लागतो तो वेगळाच. केरळात जेएन.१ सापडलेल्या ७९ वर्षांच्या बाईंचा नमुना १८ नोव्हेंबरचा, जेएन.१ असल्याचं कळलं ते ८ डिसेंबरला. गोव्यात ओमिक्रॉन या आधीच्या व्हेरियंटचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये सापडला, तेव्हाही तेच. इंग्लंडहून १७ डिसेंबरला आलेला मुलगा, पुण्याच्या एनआयव्हीचा (राष्ट्रीय विषाणू संस्थेचा) अहवाल २७ ला. तेव्हा या १९ जणांची लागण जुनी आहे. सगळ्यांना सौम्य त्रास झाला आणि ते बरे झाले, असं आपल्या आरोग्य खात्यानं सांगितलंय. ज्या राज्यानं नमुने पाठवलेच नाहीत, त्याच्यापुढे शून्य दिसणार. आपल्याकडे शोधलं म्हणून सापडलं. शेजारी सिंधुदुर्गात किंवा कारवारात हा विषाणू नसेल, असं मी तरी म्हणणार नाही.

आता मुख्य गोष्ट. नवा व्हेरियंट किती पसरतो हे लवकर कळतं, किती आजारी पाडतो हे उशिरा. पसरण्यासाठी नुसते सिक्वेन्स मोजले तरी पुरतं. जगभरच्या नमुन्यांत जेएन.१ चं प्रमाण चार आठवड्यांत ३ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं, म्हणून तर डब्ल्यूएचओनं या आठवड्यात त्याची वेगळी नोंद केली. बीए.२.८६ या ओमिक्रॉनच्या पोटजातीचं हे पिल्लू, स्पाइकमध्ये (विषाणूवरच्या काट्यांत) एकच जादा बदल, पण तेवढ्यानं त्याला आपल्या अँटिबॉडी चुकवायला चांगलंच जमतंय.

गंभीरपणाचा हिशेब मात्र चकवतो. समजा, रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होतायत. पंधरा दिवसांपूर्वी १०० होते, आज ३,२००. आज एक माणूस दगावला. तो बहुतेक त्या जुन्या १०० मधला, कारण लागण झाल्यापासून आयसीयूपर्यंत जायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे खरा दर शंभरात एक. पण बातमीत आजच्या मृत्यूला आजच्या रुग्णांनी भागतात, आणि तीन हजारांत एक असा गोड आकडा येतो. उलटंही होतं. फक्त इस्पितळात भरती झालेल्यांचीच चाचणी केली, तर वाटेल तो व्हेरियंट राक्षस दिसतो. सध्या आपल्याकडे सर्दीवाले चाचणी करतच नाहीत, त्यामुळे ही दुसरी चूक होण्याची शक्यता जास्त.

शिवाय विषाणू कोणाला गाठतो, यावरही असतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून ‘ओमिक्रॉन सौम्य’ अशी बातमी आली. ती खोटी नव्हती, पण तिथली लोकसंख्या तरुण आणि बहुतेकांना आधी कोविड होऊन गेलेला. तोच ओमिक्रॉन २०२२ च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांत शिरला, आणि तिथला मृत्युदर त्या वेळी जगात सर्वांत वर गेला. ‘सौम्य’ म्हणजे कोणासाठी, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला काडीची किंमत नाही. (टीव्हीवाले हे विचारत नाहीत, त्यांना जाहिरातीच्या आत संपवायचं असतं.)

मग बघायचं कुठे? मी सिंगापूरकडे बघतो. तिथे जेएन.१ आपल्या आधी पोचलाय आणि ते इस्पितळातले आकडे नीट देतात. ३ ते ९ डिसेंबरच्या आठवड्यात अंदाजे ५६,००० रुग्ण, त्याच्या आधल्या आठवड्यात ३२,०००. इस्पितळात रोज सरासरी ३५०, आयसीयूत ९. रुग्ण खूप, भरती वाढलेली, आयसीयू आटोक्यात. हे चित्र धीर देणारं आहे, पण तिथलं लसीकरण आपल्यापेक्षा कितीतरी ताजं. आणि रुग्ण चौपट झाले, तर धोका निम्मा होऊनही खाटा दुप्पट लागतात, हेही ध्यानात असू द्या.

२०२१ च्या मेशी मात्र तुलना करू नका. तेव्हा आपल्याकडे जवळजवळ निम्म्या चाचण्या पॉझिटिव्ह यायच्या, मशीनवर रेष वर चढताना बघायचा कंटाळा यायचा. तेव्हा डेल्टा हा व्हेरियंट होता, आणि लस थोड्यांनाच मिळालेली. आज तुमच्या वडिलांच्या अंगात दोन-तीन डोस आणि बहुधा एखादी लागण आहे. लागण त्यानं टळेलच असं नाही, पण न्यूमोनियापर्यंत जाण्याला बरीच आडकाठी आहे.

भावाला येऊ दे. निघण्याआधी मुलांपैकी कोणी शिंकत असेल, तर दोन दिवस थांबवा. आल्यावर कोणाला सर्दी झाली, तर त्याची निजायची सोय वडिलांच्या खोलीत नको, आणि जेवणं अंगणात किंवा बलकांवात (व्हरांड्यात) करा, डिसेंबरात तसंही बरं वाटतं. कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावरची गर्दी भावानं बघावी, वडिलांनी नको. वडिलांना ताप आला, तर त्याच दिवशी चाचणी. घरच्या किटवर पहिल्या दिवशी निगेटिव्ह आलं, तर त्यावर विसंबू नका, ४८ तासांनी परत करा. पॉझिटिव्ह आलं, की त्यांच्या साखरेच्या डॉक्टरांना लगेच फोन, व्हेरियंटच्या अहवालाची वाट बघत बसू नका, त्यानं औषध बदलत नाही. ऑक्सिमीटर कपाटातून काढून आजच सेल बदला, बहुतेकांकडचे गंजलेत.