तळाचा गाळ तुकड्यांनी वर येऊ लागला तर?

प्रश्न : आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात दोन गोल निवळण टाक्या असून तळाचा गाळ मध्यभागी ओढणारे फिरते स्क्रॅपर त्यांना बसवलेले आहेत. दिवसातून दोनदा, दर वेळी अर्धा तास, आम्ही गाळाचा व्हॉल्व्ह उघडतो. सुरुवातीला दाट गाळ येतो, पण काही मिनिटांतच जवळजवळ स्वच्छ पाणी वाहू लागते. तरीही अलीकडे एका टाकीत काळसर गाळाचे तुकडे बुडबुड्यांसह वर येऊन तरंगतात आणि पुढच्या वाळूच्या गाळण्या लवकर चोंदतात. भर पावसाळ्यातच ती टाकी रिकामी करून धुवावी असा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : पावसाळ्यात टाकी रिकामी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याची कारणे पुढे देतो. परंतु आधी गाळाकडे वळू, कारण आपण नोंदवलेल्या दोन्ही लक्षणांचे मूळ एकच आहे.

तुरटीने बसलेला गाळ फार पातळ असतो. त्यात घन भाग साधारणपणे शेकडा अर्धा ते दोन एवढाच असतो. व्हॉल्व्ह उघडल्यावर नळाच्या तोंडावरचा गाळ प्रथम निघून जातो, तिथे नरसाळ्यासारखी पोकळी तयार होते आणि त्या वाटेने वरचे निवळलेले पाणी सुटू लागते, कारण चिकट गाळापेक्षा पाण्याला वाहणे सोपे असते. म्हणजे आपल्या अर्ध्या तासातला बराचसा वेळ शुद्ध होत आलेले पाणी वाया घालवण्यात जातो आणि बाजूचा गाळ जागच्या जागी राहतो. असा गाळ शिळा झाला की त्यातला प्राणवायू संपतो, जिवाणूंच्या क्रियेने वायू तयार होतात आणि तेच बुडबुडे गाळाचे तुकडे वर उचलतात. तुकडे दिसत नसले तरी शिळ्या गाळातून लोह आणि मँगनीज पुन्हा पाण्यात विरघळू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून व्हॉल्व्ह थोडा वेळ, पण वारंवार उघडावा. सुरुवातीला दर दोन तासांनी दोन-तीन मिनिटे उघडून पाहा, गाळ पातळ होताच बंद करा आणि प्रत्येक वेळी दाट गाळ किती सेकंद आला ते वहीत लिहा. नदीचे पाणी गढूळ झाले किंवा तुरटीची मात्रा वाढवली, की त्या नोंदींवरूनच वेळापत्रक बदलता येईल. एवढे करूनही तुकडे येत राहिले तर स्क्रॅपरच्या रबरी पट्ट्या झिजल्या असाव्यात किंवा एखादा हात वाकलेला असावा. पारदर्शक नळी उभी सोडून चार-सहा ठिकाणी गाळाची जाडी मोजली की कोणत्या भागात तो ओढला जात नाही ते कळते.

आता टाकी रिकामी करण्याबद्दल. भरलेल्या टाकीतले पाणी केवळ निवळत नसते, तर ते टाकीला जमिनीत दाबूनही ठेवत असते. भूजलाची पातळी तळाच्या स्लॅबच्या खालच्या बाजूपेक्षा एक मीटर वर असेल, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन दाब खालून वर लागतो. 30 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या तळाचे वजन मात्र चौरस मीटरला पाऊण टनाच्या आसपासच भरते. भिंतींच्या वजनाचा आधार कडेला मिळतो, मध्याला तो पुरेसा मिळेलच असे नाही. अशा वेळी रिकाम्या टाकीचा तळ तडकतो, प्रसंगी सगळी टाकीच वर उचलली जाते. तळात दाबमुक्तीचे व्हॉल्व्ह असले तरी ते गाळाने बुजलेले असू शकतात. म्हणून टाकीशेजारच्या निरीक्षण विहिरीत भूजलाची पातळी मोजल्याशिवाय आणि मूळ आराखडा पाहिल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

दुसरे कारण क्षमतेचे आहे. कण तळाशी बसणे हे मुख्यतः टाकीच्या खोलीवर नव्हे, तर पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, हे अ‍ॅलन हेझन या अमेरिकी अभियंत्यांनी 1904 मध्ये मांडले. दोन्ही टाक्यांवर दिवसाला चौरस मीटरमागे 30 घनमीटर पाणी येत असेल, तर एक बंद करताच दुसरीवर 60 घनमीटरचा भार पडतो, आणि पाणी सर्वांत गढूळ असताना तुरटीमुळे मातीचे कण चिकटून बनलेले हलके पुंजके सरळ गाळण्यांवर जातात. कोरड्या ऋतूत, पाणी स्वच्छ आणि मागणी कमी असताना हे काम करावे.

त्या वेळी शेवटचा गाळ निघेपर्यंत स्क्रॅपर चालू ठेवा. घट्ट झालेल्या गाळात तो पुन्हा सुरू केल्यास स्क्रॅपरचा हात मोडतो. वायुमापकाने तपासल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नका. प्राणवायू शेकडा 19.5 पेक्षा कमी असेल तर उतरणे धोक्याचे आहे, आणि हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत वासावर विसंबू नये, कारण तो जास्त असला की नाकच बधिर होते. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर सतत एक माणूस हवाच.

प्रश्न : टाकी धुऊन पुन्हा भरताना काय पाहावे?

उत्तर : शक्य तितकी सावकाश भरा आणि पाणी कडेच्या पन्हळीपाशी पोहोचेल तेव्हा तिथेच उभे राहा. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग ही सर्वांत खरी पाणसळ आहे. पन्हळीच्या काठावरील दातेरी पट्टीच्या ज्या खाचांतून पाणी आधी सांडू लागेल, तो भाग खाली गेलेला आहे असे समजून वारा नसताना पट्टीचे बोल्ट सैल करून ती समपातळीत आणावी. एका बाजूने जास्त पाणी ओढले गेले की तिथला प्रवाह वेगवान होतो आणि बसू पाहणारे पुंजके आपल्याबरोबर पन्हळीत घेऊन जातो.