कारखानदारी उत्पादन म्हणजे नेमकं काय आणि अर्थव्यवस्थेत त्याला एवढं महत्त्व का?

कच्च्या मालावर कारखान्यात प्रक्रिया होऊन जो माल तयार होतो, ते कारखानदारी उत्पादन. आपल्या नागपूरजवळच्या हिंगण्यात बनणारा ट्रॅक्टर यात येतो. शेतातला कापूस शेतीत जातो, उमरेडचा कोळसा खाणकामात.

खरा गोंधळ उत्पादन आणि मूल्यवर्धन यांत होतो. समजा, बुटीबोरीतल्या एका सूतगिरणीनं कापूस, वीज वगैरे मिळून १०० रुपये खर्चून १४० रुपयांचं सूत विकलं. उत्पादन १४० रुपयांचं, पण जीडीपीत, म्हणजे देशाच्या सकल उत्पादनाच्या हिशोबात, धरायचे ते फक्त वरचे ४०; हेच मूल्यवर्धन. त्यातूनच मजुरी, व्याज आणि नफा निघतो. पूर्ण किंमत धरली तर तोच कापूस सुतात, कापडात, शर्टात पुन्हा पुन्हा मोजला जाईल.

कारखाने, खाणी आणि वीज यांचं उत्पादन किती वाढलं-घटलं हे औद्योगिक उत्पादन निर्देशांक दाखवतो. २०११-१२ हे तुलनेचं पायाभूत वर्ष असलेल्या निर्देशांकात कारखानदारी क्षेत्राचा भार (हिशोबातलं वजन) तब्बल ७७.६ टक्के होता, म्हणून ते मंदावलं की लगेच मथळे येतात. जीडीपीतला वाटा मात्र साधारण सहावा हिस्साच.

माझ्या मते महत्त्वाचा मुद्दा रोजगाराचा. शेतीतून बाहेर पडणाऱ्या, फार न शिकलेल्या माणसाला नियमित पगार देण्याची ताकद कारखान्यात जास्त. विदर्भाचं जुनं रडगाणंही तेच आहे: कापूस इथला, त्यावरचे ‘वरचे ४०’ बरेचसे बाहेरच्यांच्या खिशात.